चार खांबांवरची सावली

नाशिक, पाथर्डी फाटा
४ एप्रिल २०२५

प्रिय ललिता,

अनेक आशीर्वाद. फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तू स्वतःच्या मनाने भरून घेतेस, म्हणून पुन्हा पत्रावर आले. निदान कागदावर तू माझं ऐकतेस.

काम असं आहे. आमच्या रो-हाउसच्या बिल्डरने दारात गाडीसाठी चार लोखंडी खांब रोवले आणि वर छप्पर घालायच्या आधीच पोबारा केला. समोरचा कडुनिंब होता तोवर चालून गेलं. यंदा रस्ता रुंद करताना तो तोडला, आणि आता दुपारी गाडीचं दार उघडलं की भट्टीचं तोंड उघडल्यासारखं होतं. स्टिअरिंगला हात लावला तर चटका. तुझे आल्हादभावजी निवृत्त इंजिनिअर, त्यामुळे पत्र्याच्या शेडवाल्याने सांगितलेली रक्कम ऐकून त्यांचा स्वाभिमान दुखावला. म्हणाले, ‘‘मी घरीच करतो.’’ माझ्या पाच जुन्या साड्या जोडून त्यांनी छत शिवलं. दोन दिवस मोठा थाट होता. तिसऱ्या दिवशी वारा आला आणि माझी मोतिया रंगाची इरकल शेजारच्या भाग्यश्रीच्या डिश अँटेनावर जाऊन बसली. मग ताडपत्री बांधली, तर ती इतकी फडफडायची की घरात बोलता येईना. मधुमालती लावली आहे, पण ती वर चढेपर्यंत आम्हीच वर जाऊ.

तुमच्या द्राक्षांवरची जुनी शेडनेट असेल तर पाठव. कशी बांधायची तेही लिही.

तुझी,
ताई

*

निफाड
९ एप्रिल

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. साडीचं वाचून हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. भावजींना सांग, कापड ताणून बांधलं की वारा फाडणारच. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या काप आणि त्यांनी बांध, म्हणजे वारा आला की छत जरा सैल होतं आणि पुन्हा जागेवर येतं. मधोमध एक आडवा बांबू टाका आणि एका बाजूला उतार ठेवा, नाहीतर पावसाळ्यात वर तळं साचेल. कडा दुमडून शिवल्याशिवाय भोकं पाडू नका.

शेडनेट मात्र नाही. होती ती दिराच्या रोपवाटिकेला गेली. त्याऐवजी बेदाण्याच्या शेडवरचा फ्लेक्स पाठवते. दोन उन्हाळे काढलेत त्याने, चिवट आहे. पांढरी बाजू वर करा, ऊन परत फिरतं. खालच्या बाजूला काय छापलंय ते बघत बसू नका, गाडीला काय वाचता येतंय!

टेम्पोत बांबूही टाकलेत. आमच्याकडे द्राक्षांची खरड छाटणी चालू आहे आणि यांचा गुडघा सुजलाय, नाहीतर मीच आले असते.

तुझी,
ललिता

*

नाशिक
१७ एप्रिल

प्रिय ललिता,

तुला काय म्हणू? फ्लेक्स उलगडला तेव्हा भावजींनी ट्यूबच्या पट्ट्या, बांबू, उतार सगळं तू सांगितलंस तसं केलं. मी चहा घेऊन बाहेर आले आणि वर पाहिलं, तर कडेने झेंडूचा हार, दोन समया, कोपऱ्यात निळे ढग आणि ठळक अक्षरांत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’! आणि मधल्या अंडाकृती चौकटीत काहीच नाही. उन्हाने माणूसच पुसून गेलाय. नाव गेलंय, शोकाकुल मंडळी गेलीत, फक्त हार राहिलाय. खाली आमची गाडी.

संध्याकाळी भाग्यश्री गंभीर चेहरा करून आली आणि हळूच विचारलं, ‘‘काकू, कोण गेलं?’’ मी म्हटलं, ‘‘अजून ठरायचंय.’’ बिचारी चहा न घेता गेली.

मी फ्लेक्स उलटा करायला सांगितला, पण पांढरी बाजू वर हवी या मुद्द्यावर इंजिनिअर ठाम. आणि खरं सांगते, गारवा उत्तम आहे. गाडीतल्या बाटलीतलं पाणी माठातल्यासारखं लागतं.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. परवा हे स्टुलावर चढून त्या रिकाम्या चौकटीखाली मार्करने काहीतरी लिहीत होते. जाऊन पाहिलं तर ‘कै. सौ. मोहिनी’. यांची आई. तुला माहीतच आहे, त्र्यंबकला हे जन्मले आणि त्याच दुपारी ती गेली. जेमतेम एकोणीस वर्षांची होती म्हणे. फोटो एकही नाही. आत्याने यांना वाढवलं, पण वहिनी दिसायला कशी होती हे तिलाही नीट सांगता यायचं नाही. दर वर्षी अविधवा नवमीला हे एका सवाष्णीला जेवू घालतात आणि तिच्याकडे नुसते बघत बसतात. मला म्हणाले, ‘‘हार आयता आहे, जागा रिकामी आहे. आईला कुणी श्रद्धांजलीसुद्धा वाहिली नव्हती गं.’’ मग मी स्टूल धरून उभी राहिले.

तुझी,
ताई

*

निफाड
२२ एप्रिल

ती. ताईस,

चुकले. तो आमच्या गल्लीतल्या कारभारीअण्णांच्या दहाव्याचा फ्लेक्स. दहावा झाला की असे फ्लेक्स कुणी गोठ्यावर टाकतं, कुणी कांद्याच्या चाळीवर. आमच्याकडे सर्रास चालतं. तुला आधी सांगितलं असतं तर तू टेम्पो तसाच माघारी पाठवला असतास. भाग्यश्रीला दिलेलं उत्तर मी यांना वाचून दाखवलं, ते सुजलेला गुडघा विसरून हसले.

पण ताई, ते नाव पुसून टाक. हसण्यावारी नेऊ नकोस. फ्लेक्सवर गेलेल्याचं नाव घालतात ते लोकांनी यावं म्हणून. भावजींनी नाव घातलं, तारीख नाही, वेळ नाही, आणि गेट तर तुमचं दिवसभर उघडंच असतं. मी काही फार देवभोळी नाही, पण वाचताना मला बरं वाटलं नाही. भावजींना वाईट वाटणार नाही अशा बेताने पूस.

तुझी,
ललिता

*

नाशिक
३ मे

प्रिय ललिता,

नाव पुसायला गेले तर यांनी माझा हात धरला. एवढ्या वर्षांच्या संसारात यांनी माझा हात असा कधी धरला नव्हता. सोडल्यावर मनगटावर वळ राहिला.

आता सगळं सांगते. हे रोज दुपारी जेवण टाकून गाडीत जाऊन बसतात. काचा वर, गाडी बंद. एरवी अशा उन्हात माणूस घुसमटेल, पण यांच्या अंगावर काटा आलेला असतो. आधी मला वाटलं, गारवा आहे, पेपर वाचत असतील. मग लताबाई, आपली भांडी घासणारी, मला विचारायला लागली, ‘‘बाई, पाव्हनी आली का कुनी? आजोबांच्या मागं गाडीत पोरगी बसलेली हाय. लय बारीक हाय वो, जेवत नाय का ती?’’ मी तशीच ओल्या हाताने धावले. मागची सीट रिकामी होती. हे पुढे बसून वरच्या आरशाकडे बघत होते, हात जोडलेले आणि गाल ओले. दार उघडल्याबरोबर माझ्या तोंडावर गार हवा आली, आणि तिला बाळंतिणीच्या खोलीचा वास होता, शेपा-ओव्याच्या धुरीचा. लताबाईने दुसऱ्या दिवसापासून काम सोडलं.

ललिता, हे माझ्या हातून निसटत चाललेत. भाकरी नको म्हणतात, भाजी नको म्हणतात. दूध आणि मऊ भात, तोही मी भरवला तर. रात्री गुडघे पोटाशी घेऊन झोपतात. काल शर्टाचं बटण धरून माझ्यासमोर उभे राहिले, लावता येईना. पुण्याहून सई आली होती, तिने बाबांना मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं. सगळ्या तपासण्या स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, वयोमान. वयोमान असं पंधरवड्यात येतं का गं? आणि हे म्हातारे कुठे होताहेत, उलटंच चाललंय.

मला बाकी काही नको. माझा नवरा मला परत पाहिजे.

तुझी,
ताई

*

निफाड
७ मे

ताई,

पत्र मिळाल्या मिळाल्या लिहिते आहे. तो फ्लेक्स खाली काढ. आजच काढ. भावजी अंघोळीला गेले की पट्ट्या कापून टाक आणि घंटागाडीत दे. घरात ठेवू नकोस, जाळू तर मुळीच नकोस. शेडनेट मी विकत घेऊन पाठवते. माझ्याच हाताने हे घडलं, ते मनातून जात नाही.

यांचं ऑपरेशन ठरलंय, घर सोडता येत नाही. रोज एक ओळ तरी लिही.

ललिता

*

नाशिक
१४ मे

प्रिय ललिता,

काढला. भर दुपारी स्टुलावर चढले आणि भाजीच्या सुरीने एकेक पट्टी कापली. यांना आधीच झोपवलं होतं. फ्लेक्स खाली पडला तेव्हा त्यावर हार नव्हता, समया नव्हत्या, ढगही नव्हते. दोन्ही बाजू पांढऱ्या. फक्त यांच्या हातचं नाव तेवढं काळं कुळकुळीत. गुंडाळी करून घंटागाडीत दिली आणि गाडी वळेपर्यंत गेटवर उभी राहिले.

मागे वळले तर आपली गाडी सावलीतच.

वर आकाश होतं, ललिता. निळं, कोरडं, वैशाखातलं. भिंतीवर ऊन, तुळशीवर ऊन, रस्त्यावर डोळे दिपतील असं ऊन. आणि चार खांबांच्या मध्ये सावली, फरशीवर रेघ मारल्यासारखी सरळ. मी हात पुढे केला. कोपरापर्यंत पोळत होतं आणि बोटांना गारठा लागत होता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत सूर्य फिरला, सावली तसूभर हलली नाही. काल भाग्यश्री येऊन म्हणाली, ‘‘काकू, आता छान झालं हो, काही दिसतही नाही वर. कुणाकडून करून घेतलंत?’’ तिला त्यात काही वावगं दिसलं नाही.

यांचं बोलणं थांबलंय. परवापर्यंत मला ‘अनू’ म्हणत होते. आता नुसतं ‘आ’ करतात आणि दाराकडे हात पसरतात. नेलं नाही तर रडतात, आणि ते रडणं सत्तरीला टेकलेल्या पुरुषाचं नाही. रोज मीच हाताला धरून गाडीत नेऊन बसवते. दुसरं काय करू? रडणं ऐकवत नाही.

मी भांडले असते गं. बाई दिसली असती तर पदर खोचून भांडले असते. पण मला ती दिसतच नाही.

तुझी,
ताई

*

निफाड
१८ मे

ती. ताईस,

डोळ्याला डोळा लागत नाही. तुझ्या लग्नातली एक गोष्ट सारखी मनात येते. मी परकरात होते आणि सूनमुखाचा आरसा माझ्या हातात दिला होता. गुरुजी म्हणाले, ‘‘वरमाईंनी यावं, सुनेचं मुख पाहावं.’’ कुणीच आलं नाही. भावजींची आत्या विधवा, म्हणून बिचारी दाराआड उभी होती. तिला कुणी पुढे बोलावलं नाही आणि तीही आली नाही. मधला पाट रिकामाच. मी मोठ्याने विचारलं, ‘‘सासू कुठंय?’’ आणि आईने असा चिमटा काढला की माझ्या हातातला आरसा हलला. गुरुजी ‘पुढे चला’ म्हणाले.

ताई, तुला ती दिसत नाही, पण तिनेही तुला कधी पाहिलं नाही. भांडायला जाऊ नकोस. सून म्हणून जा. राहिलेलं सूनमुख होऊ दे आणि मग पदर पसरून माग. कुठल्याही सासूला सुनेचं तोंड पाहून काहीतरी द्यावं लागतं. मोकळ्या हाताने ती परत पाठवणार नाही.

यापलीकडे मला काही सुचत नाही. तू शहाणी, तू शिकलेली, हसशील कदाचित. पण करून बघ.

ललिता

*

नाशिक
२५ मे

प्रिय ललिता,

हसले नाही. केलं.

कपाटातून लग्नातला शालू काढला. नाकात नथ घातली, मोठं कुंकू लावलं. या वयात नवरी व्हायची लाज वाटली, पण कुणी बघायला नव्हतं. दुपारी यांना नेऊन गाडीत पुढे बसवलं आणि शेजारी मी बसले. दारं लावली. वेगळा आरसा घेतलाच नाही, गाडीचा वरचा आरसा होता. तो हाताने फिरवला, मागची सीट दिसेल असा. आधी उशी दिसली, छत्री दिसली, मागच्या काचेतून उन्हाने पांढराफटक पडलेला रस्ता दिसला. मी म्हटलं, ‘‘सासूबाई, सून आलेय. मुख पाहा.’’

मग ती दिसली.

हिरवं नऊवारी, ओटी भरलेली, कपाळभर कुंकवाचा मळवट. सवाष्ण गेली की जसं नटवतात तसंच. केस ओले होते आणि टोकांवरून पाणी ठिबकत होतं. मी भीतीने थिजले. पण चेहरा पाहिला आणि, ललिता, भीती कुठल्या कुठे गेली. पोर होती गं ती. आपल्या सईपेक्षाही लहान. हनुवटीवर एक पुटकुळी होती. मी सासू म्हणून ज्या बाईला एवढे दिवस घाबरत होते, तिला बारावीच्या वर्गात बसवलं असतं तर शोभली असती.

तिने यांच्याकडे पाहिलं, पण ओळखलं नाही. एस.टी.त शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याकडे बघावं तशी तिची नजर यांच्यावरून पुढे गेली. हे ‘आ, आ’ करत आरशाकडे हात पसरत होते, आणि तिला कळतच नव्हतं हा कोण. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती यांना ओढत नव्हती. हेच, तिला ओळख पटावी म्हणून, लहान लहान होत चालले होते. बोलणं टाकलं, जेवण टाकलं, बटण विसरले. अजून थोडे लहान झाले असते तर तिने ओळखलं असतं आणि उचललं असतं.

ती माझ्याकडे वळली. मान जरा तिरकी केली आणि फार अदबीने विचारलं, ‘‘आजी, माझं बाळ कुठंय हो?’’

मागायला म्हणून पदर हातात धरला होता, तो तसाच राहिला. इतक्या वर्षांत तिला कुणी उत्तरच दिलेलं नव्हतं. माझा हात यांच्या गुडघ्यावर होता. खरं सांगावं तर यांना घेऊन जाईल. सांगू नये तर ही पोर अशीच दारोदार विचारत फिरेल. माझ्या तोंडून आपोआप निघालं, ‘‘झोपलंय गं बाई. आत्ताच दूध पिऊन झोपलंय. उठवू नकोस.’’

‘‘रडलं नाही ना?’’

‘‘नाही. फार शहाणं आहे.’’

‘‘तुम्ही बघता का त्याच्याकडे?’’

‘‘हो, मीच बघते.’’

तिने मोठा श्वास सोडला. माझं तोंड नीट न्याहाळून पाहिलं, नथीपासून कुंकवापर्यंत, आणि हसली. मग सीटला डोकं टेकून डोळे मिटले. दमलेली बाळंतीण झोपते तशी झोपली.

त्याबरोबर गाडीत ऊन आलं. चारही बाजूंनी एकदम, भसकन. माझा शालू अंगाला चिकटला. शेजारून आवाज आला, ‘‘अनू, अगं भाजून निघालो! एवढ्या उन्हात गाडीत काय बसलीयेस नटूनथटून?’’ मी त्यांच्या गळ्यात पडून जी रडले, ती भाग्यश्री येईपर्यंत. त्या दिवशी यांनी दोन भाकरी आणि वाटीभर ठेचा खाल्ला. मधले दिवस यांना आठवत नाहीत, आणि मी आठवण करून देत नाही.

शेडनेट पाठवू नकोस. गाडी तापते ती तापू दे. स्टिअरिंगचा चटका बसला की मला बरं वाटतं.

पण तुझ्यापासून काय लपवू. एखाद्या दुपारी, आकाशात ढगाचं बोट नसताना, गाडीच्या मागच्या सीटवर माणसाएवढी सावली पडते. ती उठलेली असते. मी हातातलं काम टाकून जाते, काचेशी वाकते आणि सांगते, अजून झोपलंय. मग सावली जाते. रोज नाही येत. आली की मी हजर असायला हवी, एवढंच.

आई आपल्याला सांगायची, देवाकडे अहेवपणी मरण मागावं, नवऱ्याच्या आधी जावं. आयुष्यभर मी तेच मागत आले. आता रोज सकाळी दिवा लावताना उलटं मागते. यांना माझ्या आधी ने, म्हणते. खूप वर्षांनी, पिकल्या वयात, सावकाश ने, पण माझ्या आधी. म्हणजे त्या दिवशी मी कोरड्या कपाळाने बाहेर जाईन, गाडीचं मागचं दार उघडीन आणि तिला म्हणेन, मोहिनी, बाळ उठलं गं, घे.

देवाने ऐकलं नाही आणि मीच आधी गेले, तर तुला इथे येऊन राहावं लागेल. घर बंद ठेवू नका, आणि दुपारी झोपू नकोस.

तुझी,
ताई